थोरलीचा खुबा

सवत माझ्या घरात आनायच्या आधी मला कुनी इचारलं न्हाई. मच्छिंद्रनं, म्हंजे माझ्या पोटच्या पोरानं, ॲम्ब्युलन्स थेट दारात लावली. दोघा बाप्यांनी स्ट्रेचर उतरवलं आन माझ्या खोलीत, माझ्या खाटंवर तिला निजवली. मी पिठाचे हात घेऊन उभी. मच्छिंद्र म्हनला, आई, मोठीआई आता हितंच राहनार. जसं काय पावनी आली हाय उरसाला.

साळूबाई तिचं नाव. आमच्या मालकांची थोरली बायकू. मी मनकर्णा, धाकटी. मालकांचं नाव बिभीषन. आता ते न्हाईत म्हनून तोंडानं घेते. थोरलीला मूल झालं न्हाई म्हनून त्यांनी मला केली, आन ज्या दिवशी माझी वरात दारात आली, त्याच दिवशी ही बया भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मळ्यात निघून गेली. जाताना भैरोबाच्या देवळापुढं, समद्या गावादेखत शपथ घेतली, का हिच्या हातचं खानार न्हाई, हिच्या हातचं पानी पिनार न्हाई, हिच्याशी तोंडानं बोलनार न्हाई. कॅनॉलच्या पलीकडं तिनं आपल्या हातानं दगडमाती लावून दोन खनाचं घर उभं केलं आन तितंच जन्म काढला.

आमचं वैर काय भांडनतंट्याचं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. काष्टीच्या बाजारात समोरासमोर आलो तर ती मेथीकडं बघायची आन मी वांग्याकडं. मालक गेले तवा त्यांच्या दोन बाजूंना दोघी बसून रडलो, पन एकमेकीच्या गळ्यात पडलो न्हाई. भावकीतल्या बाया टक लावून बसल्या हुत्या, आता पडतील, मंग पडतील. बसा म्हनलं वाट बघत.

आन अशी बाई माझ्या खाटंवर. गोठ्यात शेनावरून पाय सटकला आन खुबा मोडला तिचा. डाक्टरनं आपरेशन करून खुब्यात लोखंडाचा गोळा बसवला. घरी सोडताना डाक्टरनं मच्छिंद्रला, सुनंला आन मला उभं करून बजावलं. हिला मांडी घालू द्यायची न्हाई, उकिडवं बसू द्यायचं न्हाई, खाली जमिनीवर तर अजिबात न्हाई. आन उठवताना काखंत हात घालून वढायचं न्हाई, गोळा निसटला तर परत फाडावं लागंल. मच्छिंद्रनं मान हलवली आन ते समदं माझ्या डोक्यावर टाकून मोकळा झाला. म्हनला, आई, तू घरीच असतीस.

माझी सून अश्विनी अंगनवाडीत जाते. सकाळी जायच्या आधी आन आल्यावर ती थोरलीचं लई करायची. तिच्यापुरतं आपल्या हातानं येगळं रांधून उशाला बसून घास भरवायची, तोंड पुसायची, डायपर घालून ठेवायची, आत्याबाई, तुमी हलू नका, मी हाय ना, असं म्हनायची. पोरगी मनानं चांगली हाय, तिला मी नावं ठेवत न्हाई. पन मधला समदा दिवस आमी दोघीच, एक खाटंवर, एक दारात.

पहिल्याच दुपारी तिला तहान लागली. माझ्याशी बोलायचं न्हाई ना, मंग वर पंख्याकडं बघून म्हनली, पंख्या, घसा कोरडा पडलाय बाबा. मी तांब्या भरून नेला. तिनं तोंड भितीकडं फिरवलं. मी तांब्या पुढं केला, तिनं डोळं मिटलं. मरायला टेकली तरी तोरा तोच. मला असा संताप आला का तांब्या तिच्या अंगावर वतावा. मंग मी कोपऱ्यातलं स्टूल वढलं, खाटंशेजारी ठेवलं, त्याच्यावर तांब्या ठेवला आन बाहेर गेले. वाईच येळानं डोकावले तर बया कोपरावर रेटा देऊन, दात-व्हट खात, आपली आपन तांब्याला भिडलेली. पानी स्टुलावरचं पिली, माझ्या हातचं न्हाई. शपथ शाबूत राहिली तिची.

डायपर बदलायची येळ आली तवा मी तिला तोंडावर म्हनले, तुझ्या शपथंत खान्यापिन्याचं हाय, धुन्याचं न्हाई. ती पंख्याकडं बघत राहिली. मी तिला कुशीवर वळवली, दोन पायांच्या मधी उशी दिली, पुसली, धुतली, पावडर लावली. जिच्या सावलीला जन्मभर उभी राहिले न्हाई तिचं ढुंगान धुवायला लागलं मला. तिला किती लाज वाटली असंल ते मला दिसत हुतं, कानशिलं लाल झाली हुती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मंग तिनं सुरू केलं. दिवसभर पंख्याशी बोलनं. पंख्या, ह्या घरात भाजीला कोथमीर घालत न्हाईत का. पंख्या, केर काढताना खाटंखाली झाडू जातच न्हाई बघ. पंख्या, नुसत्या बघूनच कळतंय, मालक कसं खात असतील रं असल्या भाकरी. मी स्वयपाकघरात जमिनीवर गोधडी टाकून निजत हुते, माझी कंबर धरलेली, आन माझ्या खाटंवर पडून ही माझ्या भाकरीला नावं ठेवत हुती. मी ठरवलं, हिला हितनं घालवायची. कशी बी करून, तिच्या पायावर चालत, तिच्या घरी.

व्यायाम शिकवायला श्रीगोंद्याहून एक फिजिओवाली पोरगी स्कूटीवर यायची. तिला मी दारातच गाठून इचारलं, ही चालंल का परत. ती म्हनली, आजी, चालतील, पन निजूनच राहिल्या तर मंग कवाच न्हाई. मला तेवढंच पायजे हुतं. तिनं मला शिकवलं, खाटंच्या कडंला आधी सरकवायचं, दुखरा पाय पुढं लांब ठेवायचा, भार चांगल्या पायावर, आन कमरंला पट्टा बांधून मागून धरायचं. पट्टा काय आमच्याकडं नव्हता. पेटीत मालकांचं उपरनं हुतं. ते पीळ देऊन मी तिच्या कमरंला बांधलं आन मागनं मुठीत धरलं. जित्तेपनी त्यांनी कधी तिला सावरली न्हाई, मेल्यावर त्यांच्या उपरन्यानं सावरली. हे मी तिला बोलून बी दाखवलं. तिनं पंख्याला सांगितलं का काही मानसांची जीभ कापायला पायजे.

आन स्टूल. स्टूल मी रोज थोडं सरकवायला लागले. आधी खाटंला चिकटून हुतं, मंग हातभर लांब, मंग खिडकीपाशी. तहान लागली का ती बघायची, तांब्या कुठं हाय. शिव्या द्यायची, पंख्याला. मी दारात वाकर, त्यो धरून चालायचा चार पायांचा घोडा, घेऊन उभी. पायजे तर उठ, न्हाई तर ऱ्हा तशीच. ती उठायची. घाम फुटायचा, पाय थरथरायचे, डोळ्यातनं पानी यायचं, पन माझ्याकडं बघून पानी मागावं, हे तिच्या रक्तात नव्हतं. खिडकीपासनं स्टूल दारात गेलं, दारातनं ओट्यावर. डायपर सुटला, खुर्चीच्या संडासावर बसायला लागली. अश्विनीनं घास भरवायला घेतला का हात आखडायची, म्हनायची, ठेव हितं, मी खाईन.

गावात बोभाटा झाला. सवत सवतीला पान्याविना तडफडवते. शेजारची दगडाबाई तर कुंपनावरनं मला आयकू जाईल अशा बेतानं म्हनायची, वर गेल्यावर जाब द्यायचाय गं बाया. अश्विनी एका संध्याकाळी ओट्यावर थोरलीला रडताना बघून माझ्यावर चिडली, आत्याबाई, काय चाललंय तुमचं, ती मानूस हाय का जनावर. मच्छिंद्र बी आला. त्यानं स्टूल उचललं, परत खाटंला लावलं, आन मला बजावलं का मोठीआईला निवांत पडू दे, तिला काय आता शर्यत जिंकायची न्हाई. मला नवल वाटलं. ह्या पोरानं मळ्यात राहनाऱ्या मोठीआईची कधी इचारपूस केली नव्हती. एकदम एवढी माया कुठनं आली, मला कळंना. त्यो गेला आन मी स्टूल परत ओट्यावर नेलं.

मंग तिचं लुगडं. माझं लुगडं नेसायची न्हाई, अश्विनीचे गाऊन घालून कंटाळली. पंख्याला म्हनली, माझ्या पेटीत हिरवं लुगडं हाय, कुनी आनून दिलं तर बरं. मी मच्छिंद्रला सांगितलं तर त्यो म्हनला आनतो, आन आनलं न्हाई. परत सांगितलं तर म्हनला, किल्ली सापडंना. मी म्हनले, मीच जाते. तर म्हनला, तू कशाला उन्हात जातीस. हे तर लईच झालं. दुसऱ्या दिवशी अश्विनी घरी हुती, तिला थोरलीपाशी बसवलं आन मी कॅनॉल वलांडून मळ्यात गेले.

घराच्या अलीकडंच वास आला. कोंबड्यांचा. खिडक्यांना जाळी ठोकलेली, भितीला पिवळे बल्ब, आन आत तुसावर पांढऱ्या कोंबड्याच कोंबड्या. दोन खनांच्या मधली भिंत पाडलेली. चूल उखडून बाहेर टाकलेली. तिची पेटी गोठ्यात, वर खाद्याची पोती. कोंबड्यांचं आपलं नवं शेड पुरं व्हईस्तवर म्हनून मच्छिंद्रनं कंपनीची, वाढवून परत द्यायची पिलं थोरलीच्या घरात भरली हुती. त्यानं धरूनच चाललं हुतं का खुबा मोडलेली म्हातारी आता काय परत जात न्हाई. आता मला त्याच्या मायेचा उगम कळला. मी तितंच बांधावर बसले.

घरी येऊन त्याला गाठलं. त्यो आधी लाजला, मंग उलटला. म्हनला, कुनासाठी करतोय, तुझ्याच नातवंडांसाठी ना. म्हनला, तिला हितं काय कमी हाय, खाट हाय, सून हाय, तू हाईस. मी म्हनले, मी न्हाई. मी तिची कुनी न्हाई. ह्या कोंबड्या गेल्या का घर साफ करून चूल लावून दे. तवा त्यो माझ्याकडं बघून हसला.

"तुला सवत एवढी गोड कधी झाली, आई?"

"गोड न्हाई, जहर हाय. म्हनूनच ती तिच्या घरात पायजे."

त्यो काय आयकला न्हाई. कोंबड्या गेल्या, घर धुवून औषध मारलं, परत तूस पसरलं. पुढची पिलं यायची हुती. फोनवर त्यो कंपनीवाल्याला सांगत हुता, पाठवा, जागा तयार हाय. ते आयकून माझ्या मस्तकात कळ गेली. त्यो माझा पोरगा हाय, हे खरं. नऊ महिने मी वागवलाय. पन थोरलीचं घर त्यानं खाल्लं तर थोरली माझ्या खाटंवरच मरनार, आन मी तिच्या मरनापर्यंत स्वयपाकघरात जमिनीवर निजनार. ते मी होऊ देनार नव्हते.

तिला सांगायचं कसं, ह्याचा इचार मी केला न्हाई. अंघोळीच्या खुर्चीवर बसवून पाठ चोळत हुते, तशातच सांगून टाकलं. म्हनले, तू चालतीस कुनासाठी, तुझ्या घरात कोंबड्या घातल्यात, मधली भिंत पाडली, चूल उखडली. तिची पाठ ताठ झाली. मंग ती मान वळवून बोलली. पंख्याशी न्हाई. माझ्याशी.

"कुनी केलं?"

"माझ्या पोरानं."

मी तिला पुसली, नेसवली, खाटंवर नेली. आन ती जी निजली ती निजलीच. दुसऱ्या दिवशी उठंना. स्टूल मी ओट्यावरनं खिडकीपाशी आनलं, मंग खाटंपाशी आनलं, तरी तांब्याला हात लावंना. अश्विनीनं चमच्यानं पाजलं तेवढंच. घासाला तोंड उघडायची, गिळायची, परत भितीकडं. फिजिओवाली आली, बोलली, गेली. पाठीला लाल डाग दिसायला लागला. मच्छिंद्र सांजच्याला डोकावला आन म्हनला, बघ, मी म्हनलं नव्हतं, तिला पडू दे. त्याच्या तोंडावरचं समाधान बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी दार लोटलं आन तिच्या उशाला उभी राहिले. माझं तोंड काय मऊ न्हाई, आन त्या दिवशी तर मी त्याला लगामच लावला न्हाई. म्हनले, पड. हितंच मर. सवतीच्या खाटंवर, सवतीच्या हातानं धुतलेली. तुझी शेवटची अंघोळ बी मीच घालनार, तुला साडी बी माझीच नेसवनार. तेराव्याला गाव जेवंल ते माझ्या चुलीवरचं. आन मी समद्यांना सांगीन, एवढा जन्म ताठ राहिली, पन शेवटी माझ्याच दारात येऊन मुतली. असं म्हनले मी. भिताडापल्याड दगडाबाईनं आयकलं असंल, आयकू दे.

थोरली भितीकडं तोंड करून पडली हुती. मंग तिचा एक हात मागं आला आन खाटंची कड चाचपू लागला. मी उपरनं घेतलं. तिला कडंला सरकवली, पाय खाली सोडले. ती वाकरला धरून उभी राहिली, आन माझ्या तोंडाकडं बघून म्हनली, तुझी साडी नेसून मी मरनार न्हाई. मी म्हनले, मंग चाल. त्या दिवसापासनं तिनं पंख्याशी बोलनं सोडलं, आन मला तोंडावर शिव्या द्यायला लागली. त्यातल्या काही मी पयल्यांदाच आयकल्या.

मंग आमी चाललो. दारातनं ओटा, ओट्यावरनं अंगन, अंगनातनं रस्त्यापर्यंत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ती इसरायची, मी वरडायचे. ती म्हनायची, तुला मरन येऊ दे. मी म्हनायचे, आधी पायरी उतर. लोकं उभी राहून बघायची. पाठीचा डाग गेला. मच्छिंद्रनं ह्या दिवसांत माझ्याशी बोलनं कमी केलं, आन अश्विनी दोघांच्या मधी सापडून गप झाली.

एक दिवस सकाळी मच्छिंद्र फोनवर बोलताना मी आयकलं, पिलांची गाडी आज येनार. त्यो मोटरसायकल काढून फाट्यावर गाडीला रस्ता दाखवायला गेला. मी थोरलीच्या खोलीत गेले. ती केस इंचरत बसली हुती. म्हनले, आज पिलं यायलीत, आज न्हाई गेलीस तर परत घर मोकळं व्हनार न्हाई. तिनं फनी खाली ठेवली.

आमी निघालो. पुढं ती, वाकर टेकत. मागं मी, एका हातात तिच्या कमरंचं उपरनं, डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, ती थकली का बसायला. गिरनीपाशी बसली, शाळंच्या भितीला बसली, पान्याच्या टाकीखाली बसली. गावाला तमाशाच झाला. कॅनॉलच्या पुलाचा चढ आला तवा मला वाटलं, संपलं. तिचा श्वास वाजत हुता, व्हट निळे पडले हुते. म्हनले, माघारी जाऊ. ती म्हनली, तू जा. मंग पुल चढली. मी मागनं तिचा भार वढून धरला हुता, माझे खांदे निखळायची पाळी आली. खरं सांगते, त्या येळेला मी तिला देवाशप्पथ मनातनं शिव्या देत हुते, आन खाली पडू नको गं बये, पडू नको, असं बी म्हनत हुते.

घरापाशी पोचलो तर दार सताड उघडं, आत तूस पसरलेलं, बल्ब पेटवलेले. मी खुर्ची टेकवायच्या आत थोरलीनं वाकर सोडला आन उंबऱ्यावर बसली. खाली, उंबऱ्यावर, पाय समोर लांब करून. जे डाक्टरनं दहादा सांगितलं हुतं करू नको म्हनून, तेच. खुर्चीवर बसली असती तर चौघांनी खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवली असती, हे तिनं वाटंत येता येता इचार करून ठेवलेलं दिसत हुतं. दाराची चौकट पुरती अडवून बसली.

गाडी आली. पिलांचे खोके रचलेले, चिवचिवाट. मच्छिंद्र मोटरसायकलवरनं उतरला आन उंबऱ्याकडं बघतच राहिला. मोठीआई बाजूला सरक, असं गोडीत म्हनला. तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली. मंग त्यानं हात जोडले, फक्त ह्या खेपंला, असं म्हनला. ड्रायव्हर खाली उतरून बिडी वढायला लागला. मच्छिंद्र तिच्यापाशी गेला आन वाकून तिच्या काखंत हात घालायला लागला. मी जागची हलले न्हाई. एवढंच म्हनले, डाक्टरनं तुझ्यासमोर सांगितलंय, असं वढलंस तर गोळा निसटंल, मंग दवाखान्यात काय सांगायचं ते तूच सांग. त्यानं हात काढून घेतले.

"आई, तू उठीव तिला. तुला येतंय."

"मला येतंय. उठवनार न्हाई."

"पिलं उन्हात मरतील."

"मंग गाडी माघारी ने."

त्यो ड्रायव्हरकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. पोरगा माझा, त्याच्या कपाळावरचा घाम मला पुसावा वाटला. पन मी पदरात हात गुंडाळून उभी राहिले. शेवटी ड्रायव्हरच बोलला, दादा, मानसं उठली का फोन कर, मी माल दुसऱ्या शेतकऱ्याला टाकतो. गाडी वळली. धुरळ्यात मच्छिंद्र उभा, आन मंग त्यो माझ्याकडं असा फिरला का मला त्याच्या बापाची आठवन झाली.

"आई, आज सांगून ठेवतो. उद्या तू पडलीस तर मला हाक मारू नको. मी उचलनार न्हाई."

म्हातारपनी कुनी उचलायचं, हीच तर समदी भीती असते, आन त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. खालनं, उंबऱ्यावरनं आवाज आला.

"मच्छिंदर, ही पडली तर हितं आनून टाक. हिनं मला रडवली तशी मी हिला रडवीन. पन चालवून सोडीन."

त्यो मोटरसायकलवर बसला आन गेला. आमी दोघी राहिलो. मी तिला आधी शिव्या घातल्या, पोटभर. खाली बसायची अक्कल कुनी दिली, गोळा निसटला असता तर, असं समदं. मंग तिच्या मागं उंबऱ्यावर उभी राहिले, उपरनं दोन्ही मुठीत धरलं, तिचा दुखरा पाय लांब ठेवून, चांगल्या पायावर भार देऊन, तिला एका दमात उठवली. उठताना तिनं माझ्या दंडात अशी नखं रुतवली का वळ उठले. उभी राहिल्यावर माझा हात झटकला, वाकर धरला आन आत गेली. तुसात तिची पावलं उमटत गेली. पाडलेल्या भितीपाशी उभी राहून बराच येळ बघत हुती. मंग म्हनली, कोथळे काढीन मच्छिंदरचे, आन तू बी आत पाय टाकू नको, माझं घर हाय. मी म्हनले, मला कशाला टाकायचाय.

आता ती तितं हाय. अश्विनी अंगनवाडीतनं येताना डबा देऊन येते. भिंत मच्छिंद्रनं शेवटी भावकीच्या लाजंनं बांधून दिली, पन माझ्याशी त्यो अजून बोलत न्हाई, ताट पुढं आलं का मान खाली घालून जेवतो. मी माझ्या खाटंवर निजते. पाय माझे बी आता पयल्यासारखे राहिले न्हाईत, ओटा उतरताना भितीला धरते. पडले तर पोरगा उचलंल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. पन ती बया मला रडवल्याबिगर सोडनार न्हाई, एवढा भरवसा मला हाय.